मधला दलाल

डॉक्टरने कागदावर हृदय काढून दाखवलं,
तीन नळ्या, त्यांतली एक जवळजवळ बुजलेली.
लाइलने ते चित्र असं पाहिलं
जसं लिलावात दुसऱ्याचं खोंड पाहतो:
मान किंचित तिरकी, बोली न लावता.

लिंकनहून घरी येताना चाळीस मैल गप्प.
नेब्रास्काचा सरळसोट रस्ता,
दोन्ही बाजूंना मका, मग सोयाबीन, मग पुन्हा मका.
फाटकाशी आल्यावर एवढंच म्हणाला,
"शुक्रवारचे बर्गर?"
"बर्गर राहतील," मी म्हटलं. "गोमांस राहणार नाही."
फाटक उघडायला त्याने जरा जास्तच वेळ घेतला.

तळघरातल्या फ्रीझरमध्ये अर्धं जनावर होतं,
पांढऱ्या कागदात, त्याच्या हातची तारीख घातलेलं.
ते मी लेकीच्या घरी पोचवलं, तीन खेपांत,
गहाण टाकल्यासारखं.

पहिल्या शुक्रवारी काळा घेवडा.
भिजवला, शिजवला, कांदा-जिरं घालून कुस्करला,
आणि शेगडीच्या गजांमधून तो
निमूटपणे निखाऱ्यांत उतरला.
पुढच्या वेळी टर्की, चरबी काढलेली:
गिळताना पाणी लागलं, मग आणखी पाणी.
मग मशरूमची मोठी छत्री, अखंडच.
शेजारचा ड्वेन म्हणाला, "टोपी कुणाची भाजलीस?"
लाइल हसला. स्टेंट घातल्यापासून पहिल्यांदा.
त्या हसण्यापुरती मी ती मशरूम यशस्वी धरली.

सासूबाईंचा बिडाचा तवा,
ज्याला साठ वर्षं चरबीखेरीज काही ठाऊक नव्हतं,
बीटाच्या रसाने लालभडक झाला तेव्हा
मला क्षणभर ओशाळल्यासारखं झालं,
मेलेल्या माणसाला फसवल्यासारखं.

शेवटी मसूर, अक्रोड, शिजवलेलं सोयाबीन,
मूठभर मक्याचे दाणे,
आणि सगळ्यांना धरून ठेवायला जाडे सुके ओट.
गुपित एवढंच: पाणी नीट निथळू द्यायचं,
आणि तासभर थंड होईतो हात लावायचा नाही.
लाइल मागे येऊन उभा राहिला, परातीत डोकावला.
"ओट," तो म्हणाला. "सोयाबीन. मका."
बोटाने चिवडत, एकेकाला नावानिशी ओळखत.
"मार्लिस, चाळीस वर्षं हेच मी खोंडांना घातलंय."
"हो ना," मी म्हटलं.
"मधला दलाल काढून टाकला, इतकंच."

खाल्लं त्याने. मोहरी जास्त, काकडीचं लोणचं जास्त.
दुसरा मागितला नाही, पहिला टाकला नाही.
चव तीच आहे असं कोण म्हणतं?
चव ती नाही.
फक्त धुराला फरक कळत नाही.

त्या रात्री तो कुंपणापाशी बराच वेळ उभा होता.
अंधारात काळ्या पाठी हलत होत्या.
माफी मागत होता की निरोप घेत होता,
विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.
बहुधा पाण्याची टाकी तपासत होता.

जुलैत गावच्या अग्निशमन दलाचं जेवण.
बावीस वर्षं मोठ्या शेगडीवर लाइलच असतो.
दोनशे बर्गर, सगळे गोमांसाचे, सगळे पंचक्रोशीतले,
आणि उलथन्यावरचा त्याचा हात कुठे अडखळला नाही.
मग बर्फाच्या पेटीतून त्याने फॉइलची पुडी काढली,
शेगडीचा एक कोपरा तारेच्या ब्रशने घासला,
आणि तिथे आपला एक ठेवला.
कुणीतरी विचारलं, "हे काय, लाइल?"
"माझं."
रांग पुढे सरकली.

ड्वेन मात्र सरकला नाही. ताट छातीशी धरून,
बायकोला ऐकू जाणार नाही अशा बेताने पुटपुटला,
"पुडीत एकच होता का?"

मी दोन बांधले होते.
ड्वेनचा डॉक्टरही तोच आहे.